बंडीची चाकं, पिकअपचा अ‍ॅक्सल

बैलबंडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात. वळणावर बाहेरचं जास्त फिरतं, आतलं कमी, आणि ओढायचं काम बैलांचं. पिकअपची चाकं मात्र इंजिनाला फिरवावी लागतात. यवतमाळच्या दत्त चौकात ही गाडी आल्या दिशेला परत वळवली, तर मागच्या चाकांतलं अंतर 1.4 मीटर धरून बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे 4.4 मीटर जास्त धावतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती, तर वळताना टायर घासतच गेले असते. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणाऱ्या शकुंतला रेल्वेची चाकं तशीच घट्ट होती. पण रुळांची वळणं मोठी आणि चाकांची कड उतरती, म्हणून तिचं निभावलं.

रस्त्यावरच्या गाडीसाठी तोड काढली ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने, 1827 मध्ये. दांडा मधोमध तोडून त्याचे दोन अ‍ॅक्सल करायचे आणि मध्ये छोटे गिअर घालायचे; हेच डिफरन्शियल. जोर दोघांना सारखा, फेरे मात्र ज्याच्या त्याच्या गरजेनुसार.

या सारख्या वाटणीनेच पावसाळ्यात पंचाईत होते. एक चाक काळ्या मातीच्या चिखलात रुतलं, की त्याला जोर लागतच नाही. मग कोरड्यातल्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि ते जागचं हलत नाही. ड्रायव्हर चाकाखाली पऱ्हाट्या, दगड टाकतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो. भरधाव फिरणारं चाक अचानक दगडाला धरतं. तो सगळा हिसका अ‍ॅक्सल सोसतो. कधी त्याचे दाते पिळवटतात, कधी तो मधूनच तुटतो.

तुटलेलं टोक नीट पाहावं. सगळा तुकडा दाणेदार, चकचकीत असेल तर घाव ताजा. कडेला गंजकट, शिंपल्यासारख्या रेषा असतील, तर चीर फार दिवसांची होती.

अ‍ॅक्सल बदलण्याचं काम घरच्या अंगणात होतं, पण अंगण कोणतं ते महत्त्वाचं. ओल्या काळ्या मातीत जॅक हळूहळू खचतो. त्यामुळे पक्की फरशी हवी, आणि गाडी उचलल्यावर भार लोखंडी घोड्यांवर टेकवलाच पाहिजे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये. मागचा ड्रम निघायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना आधीच अडसर लावायचा. तेल काढून, ड्रम उतरवून, बेअरिंगच्या पट्टीचे नट सोडले की अ‍ॅक्सल बाहेर ओढता येतो. आत तुकडा राहिला असेल तर लोहचुंबकाने काढावा. त्याचा एक कण जरी क्राउन गिअरच्या दात्यांत गेला, तरी खर्च कितीतरी वाढतो.

नवा अ‍ॅक्सल घेताना जुना सोबत न्यावा. डावा-उजवा लांबीने वेगळा असू शकतो. दातेही मोजून घ्यावेत. बेअरिंग आणि कॉलर मात्र वर्कशॉपच्या प्रेसवरच बसवून घेतलेले बरे. हातोड्याने ठोकून बसवलेलं बेअरिंग लवकर आवाज करू लागतं, आणि सैल कॉलर सरकली तर अ‍ॅक्सलसकट चाकच बाहेर येतं.

नवं सील, कंपनीने सांगितलेलं गिअर ऑइल. वरच्या भोकातून तेल निथळू लागलं की झाकण आवळायचं. दोन-चार दिवस गाडी चालवून ड्रम पुन्हा एकदा उघडून पाहावा. आत ओलसर काळा डाग दिसला, तर सील बदलायचं. तेच तेल ब्रेकच्या लायनरवर उतरतं.