वाक्याचा सांधा : इंग्रजीतील जोडणारी क्रियापदे

नाशिक जिल्हा हा अनेक बोलींचा जिल्हा आहे. बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी बोलली जाते, तर पेठ, सुरगाण्याच्या डोंगराळ पट्ट्यात आदिवासी बोली घरोघरी नांदतात. या घरांतील मुलाला शाळेत प्रमाण मराठी आत्मसात करावी लागते आणि तिच्याबरोबरच इंग्रजीही. राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इयत्ता पाचवीपासून शिकविला जाणारा इंग्रजी विषय सन २००० पासून पहिलीपासूनच सुरू झाला. तथापि, 'माझे वडील शेतकरी' हे वाक्य इंग्रजीत सांगताना 'माय फादर फार्मर' असे म्हणणारा विद्यार्थी आजही आढळतो. ही चूक निष्काळजीपणाची नसून तिचे कारण दोन भाषांच्या रचनेत आहे.

क्रिया नसलेले क्रियापद

'शेतकरी द्राक्षे खुडतो' या वाक्यात खुडण्याची क्रिया घडते. 'द्राक्षे गोड आहेत' या वाक्यात मात्र द्राक्षे काहीच करीत नाहीत. त्यांचा गुण तेवढा सांगितला आहे. 'आहेत' हे क्रियापद कर्ता आणि त्याचे वर्णन यांना जोडते. अशा क्रियापदाला इंग्रजी व्याकरणात 'लिंकिंग व्हर्ब' म्हणतात.

ही कल्पना मराठी विद्यार्थ्याला परकी नाही. 'राम राजा झाला' यातील 'राजा' हा शब्द काढल्यास 'राम झाला' एवढेच उरते व विधान अपुरे राहते. म्हणून 'राजा' हे विधानपूरक होय, हे मराठीच्या तासाला शिकविले जाते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या काळापासून आपल्या व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप आहे. त्यामुळे एका तासाला शिकलेले दुसऱ्या तासाला सहज उपयोगी पडू शकते.

अडचण कोठे येते?

पहिली अडचण 'आहे' गाळण्याची. 'हा माझा भाऊ', 'त्याचे नाव रमेश' ही वाक्ये मराठीत पूर्ण वाटतात. इंग्रजीत हा सांधा गाळता येत नाही. 'ही इज माय ब्रदर' असेच म्हणावे लागते. नकारातही तेच. 'तो आजारी नाही' यात 'नाही' या एकाच शब्दात क्रियापद सामावलेले असते. इंग्रजीत 'ही इज नॉट इल' असे दोन्ही शब्द हवेत.

दुसरी अडचण विशेषणाची. 'ती चांगली दिसते' आणि 'ती चांगली गाते' या दोन्ही वाक्यांत मराठीत 'चांगली' हाच शब्द येतो. इंग्रजी येथे भेद करते. दिसणे हे तिचे वर्णन आहे, म्हणून 'शी लुक्स गुड'. गाणे ही क्रिया आहे, म्हणून 'शी सिंग्ज वेल'. जोडणाऱ्या क्रियापदानंतर कर्त्याचा गुण सांगताना विशेषण येते. क्रियेची रीत सांगताना क्रियाविशेषण येते.

तिसरी अडचण अनुभव सांगणाऱ्या वाक्यांची. 'मला भूक लागली आहे' यात भूक कर्ता आहे आणि ती मला लागते. इंग्रजीत 'मी' हाच कर्ता होतो : 'आय अ‍ॅम हंग्री'. शब्दास शब्द ठेवून केलेले भाषांतर येथे उपयोगी पडत नाही.

ओळखण्याची सोपी कसोटी

'सीम', 'बिकम', 'लुक', 'फील', 'टेस्ट', 'स्मेल', 'साउंड', 'ग्रो', 'टर्न' ही क्रियापदेही जोडण्याचे काम करतात. मात्र यांतील अनेक क्रियापदे दुहेरी आहेत. 'द फार्मर ग्रोज ग्रेप्स' म्हणजे शेतकरी द्राक्षे पिकवतो. 'द नाइट ग्रोज कोल्ड' म्हणजे रात्र थंड होत जाते. अशा वेळी क्रियापदाच्या जागी 'इज' ठेवून पाहावे. 'रात्र थंड आहे' हे सुसंगत आहे. 'शेतकरी द्राक्षे आहे' हे निरर्थक आहे. म्हणून जोडणारे क्रियापद दुसऱ्या वाक्यातच आहे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. 'ही इज गोइंग' यातील 'इज' जोडणारे नसून 'गोइंग' या मुख्य क्रियापदाचे साहाय्यक आहे. 'इज' दिसले की ते जोडणारेच, असे समजू नये.

बोलीपासून इंग्रजीपर्यंत

अहिराणीतील 'शे', मराठीतील 'आहे' आणि इंग्रजीतील 'इज' हे तीनही शब्द एकच काम करतात. शिक्षकाने फळ्यावर हे तीन शब्द शेजारी शेजारी लिहिले, तर अहिराणी बोलणाऱ्या मुलाला आपली बोली इंग्रजीच्या वाटेतील अडसर वाटणार नाही. घरी रोज जो सांधा तो वापरतो, तोच इंग्रजीत न गाळता बोलावयाचा आहे, एवढे त्याला उमजले, तरी 'माय फादर इज अ फार्मर' हे वाक्य तो आत्मविश्वासाने उच्चारू शकेल.