टक्के कशाचे?

सप्टेंबर उजाडला की वसमतमध्ये एकच आकडा तोंडी असतो : येलदरी किती टक्के भरलं? हे टक्के धरणाच्या उपयुक्त साठ्याचे असतात. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. टीएमसीत मोजला तर साडेअठ्ठावीसच्या वर. त्याखालचा मृतसाठा या हिशेबात येत नाही. म्हणून ‘शून्य टक्के’ म्हणजे कोरडं धरण नव्हे.

येलदरीतून सोडलेलं पाणी पूर्णा नदीतून खालच्या सिद्धेश्वर धरणात येतं, तिथून कालव्यात, मग वितरिकेत, चारीत आणि शेवटी वावरात. वाटेत काही मुरतं, काही उडून जातं, काही वरचेवर उचललं जातं. धरण शंभर टक्के भरलं तरी टेलच्या शेतकऱ्याची पाळी हुकू शकते, ती यामुळेच. साठा किती हा एक निर्देशक, पोचलं किती हा वेगळा. बातमीत मात्र पहिलाच येतो.

विहिरींचा हिशेब तिसरा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते आणि मागच्या ५ वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. वर्षभरात उपसण्याजोगं जेवढं भूजल आहे, त्यातलं ७० टक्क्यांपर्यंत उपसलं तर क्षेत्र सुरक्षित. १०० च्या पुढे गेलं तर अतिशोषित. इथे टक्का वाढणं वाईट. धरणाच्या नेमकं उलट.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सहावं पाण्याचं, मुदत २०३०. त्यातला एक निर्देशक विचारतो : नदीसाठी राखायचं पाणी बाजूला ठेवून उरलेल्यातलं आपण किती उचलतो? दुसरा विचारतो : एका घनमीटरमागे उत्पन्न किती? या दुसऱ्याबद्दल मला शंका आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उत्पन्न चालू भावाने मोजलं आणि उद्या हळदीचा भाव दुप्पट झाला, तर एक थेंबही न वाचवता कागदावर ‘पाणी वापराची कार्यक्षमता’ वाढेल. तेव्हा रुपयांशेजारी एकरी किती पाणी लागलं हेही लिहायला हवं.

जलजीवन मिशनचं लक्ष्य माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचे होतात सुमारे २० घनमीटर. आता ऊस घ्या. पावसाचं पाणी वगळून पाटाने वर्षाला फक्त एक मीटर खोलीचं पाणी दिलं असं धरलं, तरी हेक्टरी १०,००० घनमीटर लागतात. एवढ्यात ५०० माणसांचं वर्ष निघतं. ऊस लावूच नये असं माझं म्हणणं नाही. कारखाना इथल्या अनेक घरांच्या चुलीशी जोडलेला आहे. पण ठिबकची चर्चा या गणितापासून सुरू व्हावी, अनुदानापासून नको.

पाणी असं मोजण्यासाठी नवी यंत्रणा उभारायलाही नको. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग आणणारा राज्याचा कायदा २००५ चा आहे. पाणी वापर संस्थांना पाणी मोजून, घनमापन पद्धतीने द्यायचं, असं त्यात आहे. मोजमाप बिघडलेलं असेल, तर वरचे सगळे निर्देशक अंदाजच ठरतात. म्हणून रब्बीच्या आवर्तनाआधी बैठक होईल, तेव्हा टक्क्यांवर थांबू नका. कालव्याच्या तोंडाशी किती घनमीटर सुटले आणि शेवटच्या चारीवर किती मोजले गेले, हे दोन आकडे लेखी मागा.