बाळासाठी सुती आणि लोकरी कपडे निवडताना

डिसेंबर-जानेवारीत राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी आली की तीत निफाडचे नाव बहुधा असतेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला जाणारा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागायतदार घडांना थंडीचा तडाखा बसू नये म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. याच तालुक्यातील लासलगाव देशभर ओळखले जाते ते कांद्याच्या बाजारपेठेमुळे. मात्र थंडीच्या दिवसांत येथील घराघरांत कांद्याच्या भावाइतकाच आणखी एक विषय जिव्हाळ्याचा असतो, तो म्हणजे तान्ह्या बाळाला ऊब कशी द्यावी. अलीकडे या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला आहे. शहरांतील दुकानांत आणि घरपोच खरेदीत ‘सेंद्रिय’ सुती झबली व ‘सेंद्रिय’ लोकरीचे स्वेटर दिसू लागले आहेत. त्यांची किंमत साध्या कपड्यांपेक्षा बरीच अधिक असते. ती मोजून बाळाला नेमके काय मिळते, हे समजून घेतल्याशिवाय निवड डोळसपणे करता येत नाही.

बाळाची त्वचा आणि धाग्याचा स्वभाव

नवजात बाळाच्या त्वचेचा वरचा थर मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असतो. शिवाय वजनाच्या तुलनेत बाळाच्या शरीराचा पृष्ठभाग अधिक असतो. त्यामुळे त्याच्या अंगातील उष्णता लवकर निघून जाते आणि त्वचेला लागलेली रसायनेही तुलनेने सहज आत शिरू शकतात. बाळ लाळ गाळते, कपड्याची टोके चोखते, ओल्या लंगोटात काही काळ पडून राहते. म्हणूनच त्याच्या कपड्यांचा विचार मोठ्यांच्या कपड्यांहून वेगळा करावा लागतो.

कापूस आणि लोकर या दोन्ही तंतूंना ओलावा धरून ठेवण्याची क्षमता आहे. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, तर लोकर सुमारे १६ टक्के ओलावा शोषते. पॉलिस्टरमध्ये हे प्रमाण अर्धा टक्काही नसते. त्यामुळे घामाने चिकटलेले कृत्रिम कापड बाळाला अस्वस्थ करते. लोकर कुरळी असते, तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि या स्थिर हवेमुळेच ऊब मिळते. कापूस मऊ असतो, उकळत्या पाण्यात धुता येतो आणि त्वचेला टोचत नाही. सारांश असा, की त्वचेला लागून सुती कपडा आणि त्यावर लोकरीचा, ही परंपरेने चालत आलेली जोडी शास्त्राच्या कसोटीवरही उतरते.

सगळी लोकर मात्र सारखी नसते. साधारणपणे ३० मायक्रॉनहून जाड तंतू त्वचेला टोचतात आणि त्यामुळे खाज सुटते. मेरिनो मेंढीची लोकर याहून बरीच बारीक असते. आपल्याकडे धनगर समाज सांभाळत आलेल्या दख्खनी मेंढीची लोकर याउलट जाड व भरड आहे. तिच्यापासून होणारी घोंगडी पावसाला आणि वाऱ्याला दाद देत नाही, जमिनीचा गारवाही अडवते. बाळाच्या अंथरुणाखाली ती उत्तम, परंतु अंगालगत नव्हे. बाळासाठीचा लोकरी कपडा विकत घेताना तो आपल्या मनगटाच्या आतील बाजूवर किंवा मानेवर काही क्षण घासून पाहावा. तिथे टोचला तर बाळाला तो नक्कीच टोचेल.

‘सेंद्रिय’ म्हणजे काय?

सेंद्रिय हा शब्द मुळात शेतीचा आहे. रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे न वापरता पिकवलेला कापूस म्हणजे सेंद्रिय कापूस. भारतात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला. त्यानुसार वार्षिक पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा रूपांतर काळ पाळावा लागतो. लोकरीच्या बाबतीत मेंढीचा चारा, तिच्यावरील औषधोपचार आणि तिला दिली जाणारी वागणूक यांचेही नियम असतात.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९९० च्या दशकात यवतमाळ परिसरातील शेतकऱ्यांनी विदर्भ ऑरगॅनिक फार्मर्स असोसिएशनच्या माध्यमातून सेंद्रिय कापसाची वाट धरली. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि पुढे देशातील कापसाचे बहुतांश क्षेत्र त्याखाली गेले. तेव्हापासून बीटी नसलेले चांगले बियाणे मिळवणे, हीच सेंद्रिय शेतकऱ्यापुढची पहिली अडचण ठरली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. सेंद्रिय कापसाची खरी गरज कोठे आहे, हे त्या घटनेने लख्खपणे दाखवून दिले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कापसाचे कापड होईपर्यंत ते उकळले जाते, विरंजित केले जाते, अनेकदा धुतले जाते. शेतात फवारलेल्या औषधाचा फारच थोडा अंश तयार कापडात उरतो. म्हणजे सेंद्रिय शेतीचा मोठा लाभ होतो तो फवारणी करणाऱ्याला, त्याच्या विहिरीच्या पाण्याला आणि जमिनीला. बाळाच्या त्वचेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते कापूस शेतातून बाहेर पडल्यानंतर त्यावर काय प्रक्रिया होते, हे.

रंग, खळ आणि सुरकुत्या

कापड रंगवताना काही अॅझो रंग वापरले जात. त्यांच्या विघटनातून कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी अमाइन द्रव्ये तयार होतात. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर निर्बंध घातले आणि त्यानंतर भारतातही अशा रंगांना मनाई करण्यात आली. सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडाला जी राळ लावतात, तिच्यातून फॉर्माल्डिहाइड सुटू शकते. त्याने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. लोकर यंत्रात धुतल्यावर आटू नये म्हणून तिच्यावर क्लोरीनची प्रक्रिया केली जाते. यांपैकी कोणतीही गोष्ट ‘शंभर टक्के सुती’ किंवा ‘शुद्ध लोकर’ या शब्दांवरून कळत नाही. इतकेच काय, केवळ ‘सेंद्रिय कापूस’ एवढे लिहिलेले असेल तर तो शब्दही फक्त शेतापुरता असू शकतो.

म्हणून पालकांनी दोन खुणा ओळखाव्यात. पहिली ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड’ म्हणजेच ‘गॉट्स’ची. हे मानक तंतूपासून शिवलेल्या कपड्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला लागू होते. ‘सेंद्रिय’ असे बिरुद लावण्यासाठी किमान ९५ टक्के, तर ‘सेंद्रिय तंतूंपासून बनवलेले’ असे म्हणण्यासाठी किमान ७० टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. घातक रंग, फॉर्माल्डिहाइड आणि लोकरीवरील क्लोरीन प्रक्रिया यांना त्यात मज्जाव आहे. दुसरी खूण ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ची. १९९२ मध्ये सुरू झालेले हे मानक कापूस कसा पिकवला हे पाहत नाही. तयार कापडात घातक द्रव्ये आहेत का, एवढेच तपासते. त्यातील पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या वस्तूंसाठी असून त्याच्या मर्यादा सर्वांत कडक आहेत. सेंद्रिय नसलेला, पण या वर्गात उत्तीर्ण झालेला कपडा बाळाच्या त्वचेसाठी चांगला पर्याय ठरतो आणि तो अनेकदा स्वस्तही असतो.

खुणेवर विश्वास ठेवतानाही सावधगिरी हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गॉट्स’नेच भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या प्रमाणपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून खपवला गेल्याचे जाहीर केले होते. त्यामुळे कपड्यावर नुसते हिरवे पान किंवा ‘नैसर्गिक’ हा शब्द असणे पुरेसे नाही. खऱ्या चिठ्ठीवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतो आणि तो मानकाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. क्रमांकच नसेल तर जादा किंमत मोजू नये. चिठ्ठीवाचून खात्री हवी असेल तर कापसापासून कापडापर्यंतची वाट जेथे डोळ्यांनी पाहता येते, असे ठिकाण गाठावे. १९३८ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झालेले वर्ध्याचे मगन संग्रहालय सेंद्रिय कापसाच्या, नैसर्गिक रंगांत रंगवलेल्या खादीसाठी ओळखले जाते.

बाजारातील ‘लोकर’ बहुधा लोकर नसते

गावातल्या दुकानांत विणकामासाठी जी ‘लोकर’ मिळते ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते. तिची ओळख पटवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. मोठ्या माणसाने, बाळापासून दूर, धाग्याचा एक छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर हळूहळू जळते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो. अॅक्रिलिक मात्र वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी होतो. शेकोटी आणि चुलीच्या सान्निध्यात वावरणाऱ्या घरांत हा फरक केवळ उबेचा नसतो. वितळलेले कापड त्वचेला चिकटते व भाजल्याची जखम खोल करते. अर्थात, धागा सेंद्रिय आहे की नाही हे या परीक्षेतून कळत नाही.

खर्च कोठे करावा?

सर्व कपडे प्रमाणित घेणे बहुतेक कुटुंबांना परवडणारे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. जो कपडा दिवसरात्र त्वचेला लागून असतो तो प्रथम, म्हणजे झबली, लंगोट, आतील बंडी आणि दुपटे. बाहेर जाताना तासाभरासाठी घातला जाणारा स्वेटर नंतर. बाळ झपाट्याने वाढते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांच्या मापाचे कपडे मोजकेच घ्यावेत. फिके, छापील चित्रे नसलेले, शिवण बाहेरच्या बाजूला असलेले, सुटी बटणे व लांब नाड्या नसलेले कपडे पसंत करावेत.

ज्यांना हेही शक्य नाही त्यांच्याकडे एक उत्तम पर्याय घरातच असतो. अनेक घरांत बाळाला सुरुवातीला नवा कपडा न घालता आजीच्या मऊ लुगड्याची झबली आणि दुपटी शिवण्याची पद्धत आहे. शेकडो वेळा धुतल्या गेलेल्या त्या सुती कापडातील खळ, जादा रंग आणि राळ केव्हाच निघून गेलेली असते. त्वचेच्या दृष्टीने असे कापड कोणत्याही महागड्या झबल्याच्या तोडीचे असते. नवा कपडा आणलाच तर तो वापरण्यापूर्वी दोनदा धुवावा आणि उन्हात वाळवावा.

कपड्यांपेक्षा मोठे धोके

शेतकरी कुटुंबांनी आणखी एका बाबीकडे लक्ष द्यायला हवे. द्राक्ष आणि कांद्यावरील फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर भिजवले, तर सेंद्रिय झबल्यावर केलेला सारा खर्च वाया जातो. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत धुवावेत, वेगळ्या दोरीवर वाळवावेत आणि अंघोळ केल्याशिवाय बाळाला उचलून घेऊ नये.

दुसरा धोका पेटीतल्या जुन्या स्वेटरचा. लोकरीला कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांमध्ये नॅफ्थालिन असू शकते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्याच्या वाफेने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाहेरून दिसत नाही. त्यामुळे अशा गोळ्यांसोबत ठेवलेला कपडा किंवा गोधडी तान्ह्या बाळासाठी वापरूच नये. बाळाचे लोकरी कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, सुती पिशवीत बांधून ठेवावेत.

तिसरी चूक अतिकाळजीची. मोठ्या माणसाला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक थर अधिक, एवढे बाळाला पुरते. हातपाय किंचित गार लागणे स्वाभाविक असते. ऊब पाहायची ती छातीवर किंवा मानेमागे हात लावून. मान घामेजली असेल तर एक थर कमी करावा. झोपेत नाका-तोंडावर सरकेल असे जड पांघरूण, तसेच गळ्याशी बांधलेली कुंची किंवा टोपडे ठेवू नये. बाळ मात्र कमी दिवसांचे, कमी वजनाचे किंवा सतत गार लागणारे असेल तर त्याला आईने छातीशी कातडीला कातडी लावून धरावे आणि डॉक्टरांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

सेंद्रिय कपडा घेणे हा चांगलाच निर्णय आहे. परवडत असेल तर तो जरूर घ्यावा, कारण त्या पैशातून कापूस पिकवणाऱ्या एखाद्या घराला विषाविना शेती करण्याचे बळ मिळते. परंतु बाळाचे संरक्षण केवळ एका शब्दावर सोपवता येत नाही. स्वच्छ धुतलेले मऊ सुती वस्त्र अंगालगत, न टोचणारी खरी लोकर त्यावर आणि फवारणीच्या व डांबराच्या वासापासून दूर असलेले अंथरूण, एवढी तजवीज निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही कोणत्याही घराला करता येण्यासारखी आहे.