जुन्या वह्या-रोजनिश्यांचे स्मरणरंजन : घाट, कागद आणि जतन

प्रस्तावना

संगणक आणि भ्रमणध्वनी यांनी लेखनाचे बहुतेक दैनंदिन व्यवहार व्यापले असतानाच जुन्या वह्या, रोजनिश्या, दौत-टाक आणि शाईची पेने यांविषयीची ओढ मात्र टिकून असलेली दिसते. लेखनसाहित्याचे शौकीन कापडी बांधणीच्या, पिवळसर पानांच्या वह्या शोधतात, जमवतात, त्यांचा वास घेतात आणि कित्येकदा त्या कोऱ्याच ठेवतात. ही ओढ नेमकी कशाची आहे? वहीच्या घाटाची, की वहीत नोंदलेल्या जगण्याची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा सामाजिक आणि भौतिक अशा दोन्ही अंगांनी विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्मरणरंजनाची संकल्पना

'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात घडवली. घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा हा संयोग होय. होफरच्या लेखी तो एक आजार होता आणि त्याचे कारण स्थळाचा विरह हे होते. पुढे या संज्ञेतील स्थळाची जागा काळाने घेतली. स्वेतलाना बॉयम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत. पहिला प्रकार गमावलेले जसेच्या तसे पुन्हा उभे करू पाहतो. दुसरा त्या गमावलेपणाविषयी विचार करतो. मराठीतील 'स्मरणरंजन' या शब्दात वेदनेपेक्षा रंजनाला अधिक स्थान आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

घाट उरतो, वापर सरतो

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे काळ्या वेष्टनाची 'मोलस्किन' वही. इंग्रज लेखक ब्रूस चॅटविन यांनी 'द साँगलाइन्स' (१९८७) या पुस्तकात आपल्या आवडत्या वहीविषयी लिहिले आहे. फ्रान्समधील तूर येथील तिच्या निर्मात्याच्या निधनानंतर ती मिळेनाशी झाल्याचा उल्लेख त्यात येतो. १९९७ मध्ये मिलान येथील एका कंपनीने त्याच घाटाची वही नव्याने बाजारात आणली. वहीबरोबर जणू एका हरवलेल्या परंपरेचा वारसाही ग्राहकाच्या हाती दिला जाऊ लागला.

आपल्याकडील लाल कापडाच्या चोपडीचा प्रवास याहून बोलका आहे. रोजकीर्द आणि खतावणी या व्यापाऱ्याच्या पेढीवरील जिवंत वस्तू होत्या. दिवाळीत वहीपूजन करून नव्या वर्षाचा हिशेब मांडला जाई. आयकर कायद्यातील दुरुस्तीनुसार १९८९-९० या कर-निर्धारण वर्षापासून १ एप्रिल ते ३१ मार्च हे एकच हिशेबी वर्ष सर्वांना लागू झाले. पुढे हिशेब संगणकावर आले. पूजन राहिले, परंतु अनेक ठिकाणी पूजेतील वहीत शुभचिन्हांपलीकडे फारसे काही लिहिले जात नाही. ५ जुलै २०१९ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी चामडी पेटीऐवजी लाल कापडातील 'बहीखाता' संसदेत नेला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लाल वेष्टनात कागदांच्या जागी टॅबलेट होता. घाट तेवढा उरला, कागद गेला.

गृहस्थी जीवनातील नोंदींची तऱ्हा याहून निराळी आहे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या 'कालनिर्णय'च्या चौकोनांत मराठी घरांनी दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, पाहुण्यांचे येणे असे बरेच काही टिपले. वर्ष सरले की ही दिनदर्शिका खिळ्यावरून उतरते आणि रद्दीत जाते. अभ्यासकाला ज्यात एका कुटुंबाचे अर्थकारण सापडले असते, त्या वस्तूला संग्राहकाच्या लेखी मोल नसते; कारण तिला देखणा घाट नसतो.

वासाचे आणि कागदाचे शास्त्र

जुन्या वहीचा वास हा शौकिनांच्या आस्थेचा विषय आहे. तो वास म्हणजे कागदातील सेल्युलोज, लिग्निन इत्यादी घटकांचे विघटन होताना बाहेर पडणारी बाष्पशील सेंद्रिय संयुगे होत. मतिया स्त्रलिच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या संयुगांच्या आधारे कागदाची अवस्था जोखता येते, असे दाखवून दिले. ज्या गंधाने आपण सुखावतो, तो वहीच्या क्षयाचा गंध आहे.

या क्षयाची कारणे कागदाच्या इतिहासात आहेत. दौलताबादजवळील कागजीपुरा आणि जुन्नर येथील हातकागद चिंध्या, ताग अशा तंतूंपासून बनत असे. त्याला खळ देऊन तो घोटला जाई. एकोणिसाव्या शतकात कागदनिर्मितीचे तंत्र बदलले. राळ आणि तुरटी यांचा लेप देण्याची पद्धत १८०७ मध्ये मोरिट्झ इलिग याने मांडली, तर १८४४ च्या सुमारास फ्रीड्रिख केलर याने लाकूड दळून लगदा करण्याची रीत शोधली. कागद स्वस्त झाला, वही सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आली. मात्र तुरटीमुळे कागदात आम्लता आली आणि दळलेल्या लाकडातील लिग्निनमुळे तो पिवळा पडू लागला. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीच्या चांगल्या हातकागदापेक्षा गेल्या शतकातील स्वस्त वहीचे पान अधिक ठिसूळ असू शकते. शिक्षण ज्या काळात बहुजनांपर्यंत पोहोचले, त्या काळातील सामान्य माणसांचे हस्ताक्षर अशा प्रकारे सर्वांत दुबळ्या कागदावर उतरले आहे.

जतनाची दिशा

पुण्यातील पेशवे दप्तराची कागदपत्रे कापडी 'रुमालां'त बांधलेली असत. धूळ आणि प्रकाश यांपासून रक्षण करणारी ही रीत आजही अनुकरणीय आहे. घरगुती वह्यांबाबत काही गोष्टी सहज करता येतात. गंजणाऱ्या टाचण्या काळजीपूर्वक काढाव्यात. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. पाने लॅमिनेट करू नयेत. वह्या धुतलेल्या, रंग न दिलेल्या सुती कापडात, ओल नसलेल्या जागी आडव्या ठेवाव्यात. छायाप्रत अवश्य घ्यावी. परंतु ती झाली म्हणून मूळ वही टाकून देऊ नये. वही कोणाची, कोठे व केव्हा लिहिली गेली, याची नोंद स्वतंत्र कागदावर करावी; कारण या माहितीवाचून वहीचे संदर्भमूल्य फार कमी होते. रोजनिशी हे खासगी लेखन असल्याने कुटुंबीयांची संमती घेणेही आवश्यक आहे.

या कामी महाविद्यालयांना मोठा वाव आहे. अनेक महाविद्यालयांच्या कपाटांत विद्यार्थ्यांनी सजवलेली वार्षिक हस्तलिखिते पडून असतात. इतिहास आणि भाषा विभागांनी त्यांची सूची करावी, रसायनशास्त्र विभागाने कागदाची आम्लता तपासावी, ग्रंथालयाने जागा द्यावी, असा आंतरविद्याशाखीय उपक्रम अल्प खर्चात उभा राहू शकतो.

निष्कर्ष

जुन्या वहीची ओढ त्याज्य नाही. ती जतनाची पहिली पायरी होऊ शकते. परंतु ती केवळ घाटावर थांबली, तर बाजारात जुन्या धर्तीच्या कोऱ्या वह्या वाढत जातील आणि घरातील लिहिलेल्या वह्या रद्दीत जात राहतील. नवी वही जुन्यासारखी बनवता येते. लिहिलेले पान तुटून गेल्यावर ते पुन्हा बनवता येत नाही. म्हणून कोऱ्या वहीच्या संग्रहाइतकीच आस्था भरलेल्या वहीच्या वाट्याला यावी, आणि तिचा प्रारंभ आपापल्या महाविद्यालयातील कपाटापासून व्हावा.