टूथपेस्टपासून सनस्क्रीनपर्यंत : टायटॅनियम डायऑक्साइड

अनेक टूथपेस्टचा दुधाळ रंग आणि काही सनस्क्रीन लावल्यावर चेहऱ्यावर उरणारी पांढुरकी छटा, या दोन्हींमागे टायटॅनियम डायऑक्साइड हे एकच संयुग असते. निसर्गात ते रूटाइल, अ‍ॅनाटेज इत्यादी स्फटिकरूपांत आढळते. उद्योगासाठी मात्र त्याचा मोठा भाग इल्मेनाइट या लोह व टायटॅनियमयुक्त काळ्या खनिजापासून काढला जातो, आणि असे खनिज असलेली वाळू केरळातील चवऱ्याप्रमाणे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. रूटाइलचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप, सुमारे २.७ असून तो हिऱ्याच्या २.४२ पेक्षाही अधिक असल्याने त्याची बारीक भुकटी प्रकाश सर्व दिशांना विखुरते व शुभ्र दिसते. टूथपेस्टमध्ये तिचे काम एवढेच. पांढरी होते ती पेस्ट, दात नव्हेत.

सनस्क्रीनमधील कार्य अधिक गुंतागुंतीचे आहे. कण १०० नॅनोमीटरपेक्षा लहान केले, की दृश्य प्रकाशाचे विखुरणे घटून पांढुरकेपणा कमी होतो, पण अतिनील किरण अडवण्याची क्षमता टिकते. हे किरण आरशावरून उलटावेत तसे परतवले जातात, ही समजूत अपुरी आहे, कारण ते मुख्यतः शोषले जातात; शोषलेल्या ऊर्जेमुळे कणांच्या पृष्ठभागावर क्रियाशील मूलके, म्हणजे आसपासच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर अणुगट, तयार होऊ शकत असल्याने कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचे आवरण चढवतात.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याच्या वापरावर बंदी घातली, कारण जनुकीय हानीची शक्यता नाकारता आली नव्हती. त्वचेवर लावण्यास मात्र परवानगी कायम असून, श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकणाऱ्या फवाऱ्यांवर निर्बंध आहेत.