पांडवलेण्यावरचा वाढदिवस

नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा वाढदिवस म्हटला की हॉल, फुग्यांची कमान, संगीत खुर्ची आणि केक असा बेत ठरलेला असतो. नाशिकच्या मुलींसाठी त्याहून सरस जागा शहरातून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत आहे: त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी. तिथे २४ लेणी आहेत. त्यांतली महत्त्वाची काही बायकांनी दान दिलेली आहेत आणि त्या बायकांची नावं दगडावर कोरलेली आहेत. या वयातल्या मुलीला हे कुणी दाखवत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. म्हणून हा बेत सविस्तर सांगते.

मैत्रिणी सात-आठच बोलवा आणि सोबत तीन मोठी माणसं ठेवा. सकाळी लवकर निघावं, कारण नऊनंतर पायऱ्यांवर ऊन येतं आणि मुली कुरकुरायला लागतात. वर चढायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पुरातत्त्व खात्याची जागा आहे, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. केक, मेणबत्त्या, फुगे वर न्यायचे नाहीत. पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येकीच्या हातात एक वही-पेन्सिल, एवढंच सामान.

निघण्याआधी घरी एक काम करून ठेवा. प्रत्येक मुलीचं नाव ब्राह्मी लिपीत लिहिलेली चिठ्ठी तयार करा. ब्राह्मी ही आपल्या देवनागरीची पूर्वज, आणि तिची काही अक्षरं मुलींना बघताक्षणी जमतात. 'क' म्हणजे बेरजेचं चिन्ह. 'न' म्हणजे खाली आडवी रेघ आणि तिच्या मधोमध वर जाणारी उभी रेघ. 'ग' म्हणजे डोंगराचं टोक, 'ठ' म्हणजे पूर्ण गोल, 'र' ही नुसती उभी रेघ. कनक नावाची मुलगी असेल तर तिचं नाव अर्ध्या मिनिटात लिहून होतं. काना द्यायचा तर अक्षराच्या माथ्याशी उजवीकडे छोटी आडवी रेघ. जोडाक्षरं एकाखाली एक लिहितात, त्यामुळे प्राजक्ता किंवा स्वरा असेल तर तक्ता समोर ठेवून मोठ्यांनीच आधी लिहून ठेवलेलं बरं.

वर गेल्यावर सगळी लेणी दाखवायच्या फंदात पडू नका. तीनच बघा: ३, १० आणि १८.

तिसऱ्या लेण्यासमोर मुलींना आधी खाली बघायला सांगा. सहा धिप्पाड यक्ष अख्खं लेणं खांद्यांवर पेलून उभे आहेत. ते मोजून झाले की व्हरांड्याच्या भिंतीवरचा मोठा लेख दाखवा. हे लेणं गौतमी बलश्री नावाच्या आजीने बौद्ध भिक्षूंना दान दिलं, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. या लेखात ती आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, भरभरून कौतुक करते. तो राजा आईचं नाव लावायचा, आणि नातूही वासिष्ठीपुत्र. इथेच पहिला खेळ घ्या: प्रत्येकीने स्वतःची ओळख फक्त आईच्या नावाने करून द्यायची. 'मी वैशालीची मुलगी कनक.' मुलींना हे इतकं आवडतं की परत येताना गाडीतही चालू राहतं. मग लेखात 'क' शोधायला सांगा. इथलं अक्षर चिठ्ठीतल्यापेक्षा थोडं वळणदार आहे, पण फुली ओळखू येते. भिंतीला हात लावायचा नाही, हे मात्र आधीच बजावून ठेवा.

दहाव्या लेण्यात एका कोठडीच्या दारावर दक्षमित्रेचा लेख आहे. क्षत्रप राजा नहपानाची ही मुलगी, उषवदाताची बायको. ती कोठडी तिने दिलेली. अठरावं लेणं म्हणजे चैत्यगृह, ते भट्टपालिका नावाच्या बाईने पूर्ण करवलं. त्याच्या दारावरच्या कमानीचा लेख तर नाशिककरांचाच, त्यात शहराचं नाव आहे. आपल्या गावाचं नाव इतक्या जुन्या दगडावर आहे हे कळल्यावर मुली आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात.

अकरापर्यंत घरी. औक्षण, केक, खाणं. त्यावर काही सांगायची गरज नाही, फक्त केकवर नाव ब्राह्मीत घालून घ्या.

दुपारचा खेळ नाण्यांचा. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, तर दुसऱ्या बाजूला चार टोकांना गोल असलेली फुली. खालून नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतोच.

हेच शाडूच्या मातीत करता येतं. बाटलीच्या झाकणावर काड्यापेटीच्या काड्यांचे तुकडे चिकटवून प्रत्येकीने आपल्या नावाच्या अक्षराचा ठसा बनवायचा. ठशात अक्षर उलटं उमटतं, पण क, ग, न, ठ, र ही अक्षरं दोन्हीकडून सारखीच असल्याने अडत नाही. बाकीच्यांना आरसा धरून उलटं काढायला लावा. गुलाब का सरिता, प्रत्येक नावाचं निराळं कोडं होतं. मातीच्या चकत्या सकाळी निघतानाच करून ओल्या फडक्याखाली ठेवा, म्हणजे दुपारी बेताच्या घट्ट मिळतात. फार ओली माती ठशाला चिकटते, वाळलेली तडकते. ठशाला आधी रांगोळीची पूड लावायची. पहिली मुलगी आपला ठसा खोल दाबते. मग चकती शेजारणीकडे जाते, शेजारीण ती थोडी फिरवून आपला ठसा त्यावर हलका मारते. खालचं अक्षर कडेने डोकावलं पाहिजे, आणि ते कुणाचं हे तिसरीने ओळखायचं.

प्रत्येकीला दोन नाणी घरी न्यायची. पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. मिठाईच्या खोक्यात वर्तमानपत्र घालून आडवी ठेवून द्या, आणि आयांना सांगा की उन्हात नाही, सावलीत वाळवायची.