मोटरीत अडकलेलं कोकण

माझ्या मामेभावाची पाच वर्षांची चिऊ किनाऱ्यावर हात वर करून नाचत होती आणि तिच्या डोक्यावर माझा ड्रोन. रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगडच्या बाजूची संध्याकाळ, सोनेरी पाणी, लाल फ्रॉक... एकदम परफेक्ट फ्रेम! तेवढ्यात ड्रोन एका अंगाला कलंडला, गिरकी घेतली आणि चिऊपासून दोन हातांवर वाळूत आपटला. तिला वाटलं, आत्याने गंमत केली. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

वजन म्हणाल तर जेमतेम २४९ ग्रॅम. भारताच्या २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात मोडतो आणि त्याला रिमोट पायलटचं लायसन्स लागत नाही, म्हणून तर आपल्यासारखे वीकेण्ड वैमानिक तो घेतात. पण उंचावरून, पाती गरगरत असताना पडला तर २४९ ग्रॅमही पुष्कळ झाले. कुणाच्या डोक्यावर ड्रोन न्यायचाच नसतो, हेही मला ठाऊक होतं. पण तीन ट्रिपा काही झालं नाही ना, की अक्कल गहाण पडते राव!

पुण्यात परतल्यावर तापकीर गल्ली गाठली. रिपेअरवाल्या काकांनी पाती काढली, एकेक मोटर बोटाने हळूच फिरवली आणि कानाजवळ धरली. तीन गप्प. चौथी, खर्र! भिंगातून बघत ते म्हणाले, “ताई, यात तुमचं कोकण आहे.”

आणि खरंच होतं. रत्नागिरीच्या पट्ट्यातल्या वाळूत काळे, जड कण असतात, इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे. यातलं मॅग्नेटाइट चुंबकाला झटकन चिकटतं. आता ड्रोनची ब्रशलेस मोटर बघा. मध्ये तांब्याच्या तारांची स्थिर गुंडाळी आणि तिच्याभोवती फिरणारी टोपी, जिच्या आतल्या बाजूने चुंबकं बसवलेली. दोघांमधली फट एक मिलिमीटरसुद्धा नाही. उडताना-उतरताना पात्यांचा वारा वाळू उधळतो, काळा कण आत शिरतो आणि चुंबकाला धरून बसतो. साधी वाळू फुंकरीने निघते, ही नाही. मोटर घासते, तापते, एखाद्या क्षणी अडकते. आणि चार मोटरींच्या या खेळण्यात एक अडकली की बाकीच्या तिघी त्याला सावरू शकत नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक ट्रिपनंतर माझी रविवारची पूजा ठरलेली. सगळ्यात आधी बॅटरी बाहेर. मग पाती काढायची. स्क्रू इतके चिमुकले असतात, की खाली पांढरा रुमाल हवाच. कुठली पाती कुठल्या हातावर होती, त्याचा मोबाइलवर फोटो, कारण खुणेची पाती खुणेच्याच मोटरीवर बसते. मग कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी फुगा आणि मऊ ब्रश. कॉम्प्रेस्ड एअरचा डबाही चालतो. पण तो उभा धरा, तिरका केला की थंडगार द्रव उडतो. आणि मोटर बोटाने अडवून ठेवा. वाऱ्याने ती भन्नाट फिरवून बघायचा मोह मलाही झाला होता, पण त्यात बेअरिंगची वाट लागते.

चिकटलेल्या काळ्या कणांसाठी काकांची युक्ती म्हणजे पोस्टर चिकटवायची पुट्टी. टूथपिकच्या टोकाला घट्ट गोळी करून लावायची, फटीतून चुंबकावर टेकवायची आणि उचलायची. कण पुट्टीला येतात. वीसेक वेळा करावं लागतं, कंटाळा येतो, गाणी लावून बसा. (कणीक चालेल का, असं मी विचारलं होतं. काकांनी नुसतं बघितलं.)

तेलाच्या स्प्रेचं मात्र नाव काढू नका. गंजलेल्या कडीवर मारतो तो स्प्रे मोटरीत मारलात, तर बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जाऊ शकतं आणि तेलकटपणावर पुढची धूळ आयती चिकटते. टोपी उपटून काढायच्याही भानगडीत पडू नका, आतली तार केसासारखी असते.

शेवटी मोटर पुन्हा बोटाने फिरवायची. चुंबकांमुळे हलके हलके टप्पे जाणवतात, ते ठीक. खरखर, अडकणं किंवा टोपी डुगडुगणं म्हणजे बेअरिंग गेलं, मग मोटर बदलायची. पुढच्या उड्डाणानंतरही चारही मोटरींना बोट लावून बघा. एकच जास्त तापली असेल, तर तिच्यात काहीतरी शिजतंय!

मी तापकीर गल्लीत ती एक मोटर बदलून घेतली. २०२२मध्ये सरकारने परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली, सुटे भाग मात्र त्यातून वगळले. त्यामुळे आहे तो ड्रोन जपणं आलंच.

दिवाळीत पुन्हा पूर्णगडला गेलो. मामीची प्लास्टिकची चटई दूर, घट्ट जमिनीवर अंथरली, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले, आणि ड्रोन तिथून उडवला. चिऊला मामाजवळ ओटीवर बसवलं होतं. ती सारखी विचारत होती, “आत्या, आज नाही का पाडणार?”